बोंडीचं जावळ आणि तीन देव

कामरगावात एक रीतच पडून गेली होती. नवस मारोतरावानं बोलायचा आणि फेडायचा त्याच्या घरच्यांनी.

राजू दहावीला बसला, तेव्हा मारोतरावानं देवापुढं हात जोडून सांगून टाकलं, पोरगा पास झाला तर आमची कस्तुरा अकरा सोमवार निरंकार करील. राजू पास झाला, काठावर का होईना पण झाला. पेढे मारोतरावानं वाटले, त्यातले चार स्वतः खाल्ले, आणि कस्तुराबाई अकरा सोमवार नुसत्या पाण्यावर तूर निंदत राहिली. मग एका साली त्याचा उजवा गुडघा धरला. नवस काय, तर गुडघा सुटला की कस्तुरा अनवाणी टेकडी चढून देवीला जाईल. गुडघा सुटला. गुडघा मारोतरावाचा, काटे कस्तुराबाईच्या पायात. विहिरीला पाणी लागावं म्हणून तर त्यानं सासरवाडीचा बोकडच बोलून टाकला होता. मेहुण्याला ते कळलं ते पाणी लागल्यावर. तो मेहुणा अजूनही त्याच्याशी तोंड भरून बोलत नाही.

"अवो, एखादा नवस सोताच्या जिवावर बोलत जा नं," कस्तुराबाई म्हणायची.

"मंग बोलते कोन? मीच बोलतो नं!" मारोतराव छाती पुढं काढायचा. "देवाशी बोलाचं काम काय सोपं हाय? फेडाचं काय, कोनीबी फेडते."

माणूस दुष्ट नव्हता. स्वतःच्या वस्तू सोडून बाकी साऱ्या जगाच्या बाबतीत फार उदार होता, एवढंच.

तर अशा या मारोतरावाच्या घरी सून आली, संस्कृती. कॉलेज शिकलेली, बोलायला कमी आणि बघायला जास्त. कमी बोलणारं माणूस घरात असलं की मारोतरावाला फार बरं वाटायचं, कारण मग उरलेलं सगळं बोलणं त्याच्या वाट्याला यायचं. लग्नाला तीन वर्षं झाली तरी पाळणा हलेना. बायका विहिरीवर कुजबुजू लागल्या, तसा मारोतराव उठला आणि शेतात गेला. त्याच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, शेंदूर फासलेला एक म्हसोबा आहे. त्याच्यापुढं उभा राहून म्हणाला, "नातू दे. त्याचं पयलं जावळ तुह्याच पायाशी उतरवतो."

ही वस्तू त्याला फार पसंत पडली. उपास म्हटला की कस्तुरा कुरकुरते, बोकड म्हटला की मेहुणा रुसतो. जावळाचं तसं नाही. जे केस अजून उगवलेच नाहीत, ज्या डोक्यावर ते उगवायचे ते डोकंही अजून नाही, ते देऊन टाकायला जातं काय!

वर्षभरात संस्कृतीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती कारंज्याला. कळा सुरू झाल्याचा फोन आला आणि मारोतराव मिळेल त्या जीपनं कारंज्याला पोचला. दवाखान्यात बाप्यामाणसाला काम काय? बाहेर उभं राहायचं. समोर कडुनिंबाखाली एका देवीचं ठाणं होतं. आतून सुनेचं ओरडणं ऐकू आलं, आणि हा सरळ त्या देवीपुढं जाऊन बसला. "माय, मायलेकरू सुखरूप मोकळे होऊ दे. पयलं जावळ तुले." देवी कोणती, नाव काय, हे विचारायचं भान त्याला राहिलं नाही. लाल लुगड्यातली होती, एवढं मात्र त्याला आठवतं.

मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी ती पिवळी पडली. कावीळ म्हणाले आणि वाशीमला पाठवलं. तिथं काचेच्या पेटीत, निळ्या दिव्याखाली ठेवलं. आत फक्त आईला सोडत. मारोतराव बाहेरच्या बाकड्यावर. ज्याच्या जीपमधून आले तो रूपला राठोड शेजारी बसलेला. रूपला म्हणाला, "पोहरादेवीले बोला काही. आमची माय कोनाले खाली हात पाठवत नाई."

"बोललो!" मारोतरावानं तिथल्या तिथं हात जोडले. "पयलं जावळ पोहरादेवीले."

सात दिवसांनी पोरगी गुलाबी होऊन बाहेर आली, आणि मारोतरावाची खात्री पटली की साऱ्या देवांच्या दरबारात आपली वट आहे. एकच जावळ तीन ठिकाणी बोललो, हे त्याच्या ध्यानात आलं नाही असं नाही. आलं. पण देव काही एकमेकांना फोन करत नाहीत, असा त्याचा हिशेब होता.

पोरीचं नाव पाळण्यात रुचिका ठेवलं. मारोतराव तिला बोंडी म्हणे, कारण कापसाचं बोंड फुटावं तशी ती जांभई द्यायची. तीन महिन्यांची होऊन ती आईबरोबर कामरगावात आली आणि मारोतरावाचा दिवसच बदलला. सकाळी तिची आंघोळ झाली की कस्तुराबाई तिला दुपट्यात गुंडाळून ओट्यावर आणायची आणि मारोतरावाच्या मांडीवर ठेवायची. कोवळं ऊन तिच्या पायांवर, आणि मारोतरावाचं तोंड सुरू. तुरीला शेंगा किती धरल्या, कारंज्याची बस काल का आली नाही, सरपंचाच्या म्हशीनं कोणाच्या वाडीत तोंड घातलं, सारं तो तिला सांगायचा. बोंडी मूठ तोंडात घालून टक लावून ऐकायची. अख्ख्या कामरगावात मारोतरावाचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणारं हे पहिलंच माणूस. हा पाऊण तास त्याला भाकरीपेक्षा प्यारा झाला.

"ऐक बाई, ऐक," कस्तुराबाई आतून म्हणायची. "तुले अजून उठून जाता येत नाई, तवरीक ऐक."

सातवा महिना लागला. कस्तुराबाईनं जावळाचा दिवस धरला, रविवार. म्हसोबाचा नवस तिला माहीत होता, तेव्हा शेतातच धुऱ्यावर जायचं, मामाच्या मांडीवर पोरगी बसवायची, केस उतरवायचे, वरणभात, पोळी, झालं. बाबूलाल न्हावी ओट्यावर बोलणं करायला आला होता. राजू फोन हातात घेऊन बसला होता, म्हणजे नेहमीसारखा. संस्कृती दारात उभी. बोंडी आजाच्या मांडीवर. सारं कसं जुळून आलं होतं, आणि तेवढ्यात रस्त्यावरून रूपलाची जीप आली.

"काय मारोतराव," रूपलानं गाडीतूनच हाक मारली, "जावळाले पोहरादेवीले कोन्या दिवशी निंगाचं? गाडी मोकळी ठेवतो. तुमी बोलले होते नं, माह्या समोर!"

मारोतरावाला खोकला आला. असा खोकला त्याला कधी आला नव्हता.

"पोहरादेवी?" कस्तुराबाई म्हणाली. "अन् म्हसोबा?"

"दोनी," मारोतराव म्हणाला.

"दोनी कसे? पोरीले डोकं एकच हाय."

"तीन," मारोतराव खाली बघून म्हणाला. लपवून ठेवलं असतं तर चाललं असतं, पण एकदा बोलायला लागलं की पोटात काही ठेवणं त्याला जमतच नसे. "कारंज्यालेबी एक हाय. देवी."

"कोनती देवी?"

"लाल."

रूपलानं गाडी बंद केली आणि खाली उतरला. असलं काही फुकट ऐकायला मिळत असलं तर माणसानं घाई करू नये.

आता दुसरा कोणी असता तर चुकलो म्हणाला असता. मारोतराव चुकलो म्हणणाऱ्यातला नव्हता, तोडगा काढणाऱ्यातला होता. त्यानं डावा हात बोंडीच्या पाठीला लावला आणि उजव्या हातानं काडीनं ओट्याखालच्या मातीत एक गोल काढला.

"हे पा. हे डोकं. आपन शेताची वाटनी करतो का नाई? तशी कराची. समोरचा हिस्सा म्हसोबाले. उजवा त्या लाल देवीले. डावा पोहरादेवीले. तीन रविवार, तीन देव. कोनाची नाराजी नाई."

"अन् मधात धुरा कुठं टाकता?" कस्तुराबाईनं विचारलं. "तेबी दाखवा. नाईतं उद्या देवादेवाईत भांडनं होतीन."

बाबूलालनं चष्मा वर केला, बोंडीजवळ आला, टोपडं काढून डोकं मागून पुढून पाहिलं. "मारोतराव, मांगचा हिस्सा तं पडीत हाय. गोधडीवर घासून घासून टक्कल पडलं पोरीले. समोर हाय ते चिमूटभर. याच्यात तीन हिस्से म्हनजे एकेका देवाले सात-सात केसं येतीन."

"अन् तीन आठवडे पोरगी अर्ध्या भादरेल मेंढीवानी फिरवाची काय?" कस्तुराबाई म्हणाली.

"मोबाईलवर पाहू काय, असं चालते का?" राजूनं विचारलं. त्याच्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही.

मारोतराव थोडा हिरमुसला. पण मग त्याच्या डोळ्यांत ती जुनी चमक आली, जी मेहुण्याच्या बोकडाच्या वेळी आली होती. तो मांडी सावरून बसला.

"मंग एक देव कमी करू. म्हसोबा काढून टाका."

"काढून टाका म्हनजे?"

"अवो, कायद्याचं बोलतो. मी म्हसोबाले काय मांगतलं होतं? नातू. भेटली काय? नात. मांगतलं ते त्यानं देलंच नाई, मंग आपन जावळ कायले द्याचं? बोली फोक झाली!" आणि आपल्या अकलेवर खूश होऊन तो एकटाच हसला.

दुसरं कोणी हसलं नाही. बाबूलाल चष्मा पुसायला लागला. रूपलाला एकाएकी आठवलं की त्याला मानोऱ्याला जायचं आहे.

संस्कृती दारातून आली. शांतपणे वाकली, सासऱ्याच्या मांडीवरून बोंडीला उचललं आणि खांद्यावर घेतलं.

"मामाजी," ती म्हणाली, "नातू आला का तवा घेजा मांडीवर."

आणि आत निघून गेली.

"बायको झाली तवापासून पाहून राह्यली," कस्तुराबाई म्हणाली, "तुमच्या जिभेचं जावळ कोनी उतरवलं नाई अजून." तीही आत गेली.

जावळाचा रविवार पुढं गेला, आणि त्या दिवसापासून मारोतरावाच्या मांडीवर ऊन यायचं, पोरगी यायची नाही. आंघोळ झाली की बोंडी मागच्या अंगणात. तो सकाळी ओट्यावर बसायचा, मांडी जुळवून, पंचा पसरून, जसा काही पाहुण्याची वाट बघतो आहे. पलीकडून बोंडीचा हुंकार ऐकू यायचा. तो इकडून म्हणायचा, "काय व बोंडी, आज बस आली बरं का." तिकडून कस्तुराबाई म्हणायची, "तिले नका सांगू. म्हसोबाले सांगा, नातू आला का त्याले सांगा."

त्यानं काय काय नाही केलं! खुळखुळा आणला. संस्कृतीनं तो घेतला, बोंडीला दिला, आणि बोंडीला घेऊन आत गेली. त्यानं मुद्दाम खोकून दाखवलं, कस्तुराबाईनं काढा दिला, कडू. राजूला मध्यस्थ घालून पाहिलं. राजू गेला आणि येऊन म्हणाला, "बाबा, मलेबी घेऊ देत नाई ते. म्हनते, तुमी कोनाच्या बाजूचे?"

एका सकाळी तो शेतात गेला आणि म्हसोबापुढं उभा राहिला. सवयीनं तोंडातून निघालं, "देवा, पोरगी मांडीवर येऊ दे, कस्तुरा तुले..." आणि तिथंच थांबला. कस्तुराच्या नावावर आता एकही वस्तू बोलायची उरली नव्हती. सोमवार झाले होते, टेकडी झाली होती. राजूकडं तर मुळातच काही नव्हतं. देवाशी बोलायला त्याच्याजवळ शब्द नाहीत, असं त्याच्या जन्मात पहिल्यांदाच घडत होतं. म्हसोबाही काही बोलला नाही, पण त्याची ती सवयच आहे.

घरी आला तो सरळ मागच्या अंगणात. संस्कृती बोंडीला तेल लावत होती. बोंडी उताणी पडून पाय झाडत होती. मारोतराव चार हात लांब, उकिडवा बसला.

"माय," तो म्हणाला, "मी बोललो ते... बोलाच्या भरात बोललो."

"मालूम हाय."

"आता तीन देवाचं काय करू ते तू सांग. मले सुचून नाई राह्यलं."

मारोतरावाला सुचत नाही, हे ऐकून चुलीपाशी बसलेली कस्तुराबाई लाटणं हातात घेऊन दारात आली. असं काही पाहायला मिळेल याची तिला आशा नव्हती.

संस्कृतीनं बोंडीच्या कपाळावरचे चार केस बोटानं बाजूला केले. कानाच्या वर एक बारीक ठिपका होता.

"हे दिसते काय? वाशीमले सलाईनची सुई लावाची होती. हातापायाची शीर भेटे ना, तं डोक्याले लावली. त्याआधी नर्सबाईनं इथले केसं भादरले. पयलं जावळ तं तवाच गेलं, मामाजी. दवाखान्याच्या कचऱ्यात, लाल डब्यात. तुमी जे तिघाईले देऊन राह्यले, ते घरात हायच नाई."

मारोतराव बघतच राहिला. "अन् हे मले कोनी सांगतलं नाई?"

"आंघोळ आमी घालतो, आमाले मालूम," कस्तुराबाई म्हणाली. "तुमी डोक्याच्या वाटन्या करून राह्यले होते, मी म्हनलं, पाहू तं खरं, मानूस कुठवर जाते."

"तुमी बायेर बाकड्यावर देवाईले केसं वाटून राह्यले होते," संस्कृती म्हणाली. आवाज चढला नव्हता, तेलाचा हात चालूच होता. "मी आत तिचे दोनी पाय धरून उभी होती. सुई तीनदा टोचली. मले नवस सुचला नाई. हात मोकळे नवते."

अंगणात फक्त बोंडी बोलत होती.

शेवटी त्यानं विचारलं, "मंग देवाले काय देऊ?"

"तुमचं काही द्या नं," संस्कृती म्हणाली. "केसंच पाह्यजे असन तं केसं द्या."

मारोतरावाचा हात आपोआप डोक्यावर गेला. तिथं वीस वर्षांपासून काही नव्हतं. मग तो हात हळूहळू खाली आला आणि मिशीवर थांबला. त्याचा चेहरा उतरला.

"हे?"

"एका देवाचं भागलं," कस्तुराबाई म्हणाली. तिला एवढं तेज सोमवारांच्या पारण्यालाही चढलं नव्हतं. "त्या लाल देवीले तमाकू द्या. सोडा. अन् पोहरादेवीले पाय. मानोऱ्यापासून चालत जा. अनवाणी. मी रूपलाच्या जीपीत बसून येतो, तुमाले रस्ता दाखवाले."

पुढच्या रविवारी धुऱ्यावर सारे जमले. बोंडीचा मामा आला, आत्या मंजू आली, शेजारीपाजारी आले. रूपला तर बोलावलं नव्हतं तरी सगळ्यांच्या आधी आला. मामानं बोंडीला मांडीवर घेतलं. बाबूलालनं वस्तरा पाण्यात बुडवला, पण कस्तुराबाईनं हातानं अडवलं. "थांबा. आधी याईची मिशी."

मारोतराव म्हसोबापुढं मांडी घालून बसला. तीस वर्षांची मिशी. तिनं दोन सरपंच पाहिले होते आणि शाळेतल्या तीन मास्तरांना भ्यायला लावलं होतं. बाबूलालनं डावी बाजू उतरवली आणि थांबला. "मारोतराव, एक हिस्सा इथं ठेवू, दुसरा त्या लाल देवीले ठेवाचा काय?"

"काढ बे पूर्ण!" मारोतराव ओरडला. लोक हसले.

मिशी गेली. वरचा ओठ उघडा पडला, पांढराफटक. मारोतरावानं ते केस पानावर घेतले आणि म्हसोबापुढं ठेवले. मग घसा साफ केला. लोकांना वाटलं, आता हा मोठं भाषण ठोकतो.

"म्हसोबा," तो म्हणाला, "मांगतलं ते मले मांगता आलं नाई. देलं ते तुले देता आलं. बस, एवढंच."

मारोतरावाच्या साऱ्या आयुष्यातलं हे सर्वांत लहान बोलणं. रूपलानं नंतर चार गावांत सांगितलं की आपण ते कानानं ऐकलं.

मग बोंडीचं उरलंसुरलं जावळ उतरलं. आत्यानं ते पदरात झेललं. गूळ-खोबरं वाटलं. संस्कृती आली आणि गुळगुळीत डोक्याची बोंडी तिनं सासऱ्याच्या मांडीवर ठेवली.

"घ्या, मामाजी."

मारोतरावानं दोन्ही हातांनी तिला उचललं आणि समोर धरलं. बोंडीनं आजाकडं पाहिलं. त्या उघड्या, पांढऱ्या ओठाकडं पाहिलं. हा कोण नवा माणूस, हे तिला कळेना. तिचा खालचा ओठ बाहेर आला, थरथरला, आणि मग तिनं जे भोकाड पसरलं, त्यानं पार नाल्याच्या पलीकडच्या बाभळींतली पाखरं उडाली.

"ओळख नाई पटून राह्यली!" मंजू हसत म्हणाली.

मारोतराव घाबरा झाला. इतके दिवस वाट पाहिली, मिशी गेली, तमाकू गेली, पोहरादेवीची अनवाणी वाट अजून बाकी, आणि आता हे. त्यानं तिला हलवलं, टाळी वाजवली, जीभ काढून दाखवली. बोंडी आणखी जोरात. तो म्हसोबाकडं वळला. "देवा, पोरगी उगी राह्यली तं मी... आपली कस..."

कस्तुराबाईनं पोळीचं ताट खाली ठेवलं आणि नुसतं पाहिलं.

मारोतरावानं तोंड मिटलं. बोंडीला खांद्यावर टाकलं आणि धुऱ्यानं चालायला लागला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, तिथून परत. तिचं रडणं त्याच्या कानात भरत होतं आणि लाळ सदऱ्यावर. पाचव्या खेपेला रडण्याचे हुंदके झाले. सातव्या खेपेला तिनं त्याच्या कानाची पाळी मुठीत धरली आणि तोंड त्याच्या गळ्यात खुपसलं. पंगत बसली, पहिलं वरण वाढलं, तूप झालं, लोकांनी हाका मारल्या. मारोतराव हात हलवून म्हणायचा, तुम्ही जेवा, आणि पुढच्या खेपेला वळायचा.